चित्र छायाचित्रकाराचे, गिऱ्हाईक कोणाचे?

हातात कॅमेरा असलेल्या माणसाला आपले चित्र विकावयाचे असेल, तर आज त्याला छापखान्याची पायरी चढावी लागत नाही. चित्राची संगणकीय प्रत एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवली की पुरते. मागणी आल्यावर कंपनीच ते चित्र कागदावर वा कॅनव्हासवर छापते, चौकटीत बसविते, ग्राहकाच्या घरी पोचविते, पैसे वसूल करते आणि ठरलेला हिस्सा छायाचित्रकाराच्या खात्यात जमा करते. ‘प्रिंट ऑन डिमांड’, म्हणजे मागणीनुसार छपाई, या नावाने हा व्यवहार ओळखला जातो. त्यात भांडवल गुंतत नाही, माल पडून राहत नाही, उधारी थकत नाही. लग्नसराईवर वर्ष काढणारा तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार, वृत्तपत्रांना तुटपुंज्या मोबदल्यावर चित्रे पुरविणारा वार्ताहर, मोर्चे आणि सत्याग्रह यांची चित्रे वर्षानुवर्षे जपणारा कार्यकर्ता, या सर्वांना अशा सोयीचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु सेवा निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हिस्सा किती टक्के? हा प्रश्न आवश्यक असला तरी अपुरा आहे. उद्या कंपनीने नियम बदलले तर छायाचित्रकाराच्या हाती काय उरेल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि निवडीची खरी कसोटी तीच असली पाहिजे.

कलावंत आणि छापखाना यांच्या नात्याची कहाणी महाराष्ट्राला नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. एरवी राजवाड्यांतच राहिली असती अशी चित्रे या छापखान्यामुळे सामान्यांच्या घरांतील भिंतींवर आली. परंतु छापखान्याचा आर्थिक भार पेलवला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या तेथीलच जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि त्याबरोबर अनेक चित्रांच्या छपाईचे हक्कही गेले. रविवर्म्यांसारख्या ख्यातकीर्त चित्रकाराला जे ओझे जड गेले, ते मागणीनुसार छपाईच्या व्यवस्थेने आज साध्या छायाचित्रकाराच्या डोक्यावरून उतरविले आहे. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र ओझे उतरविताना आणखी काय काय काढून घेतले जाते, हेही पाहिले पाहिजे.

या सेवांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार भरलेल्या बाजारपेठेचा. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे २००६ मध्ये सुरू झालेली रेडबबल किंवा त्याच वर्षी अमेरिकेत निघालेली फाइन आर्ट अमेरिका ही त्याची उदाहरणे होत. येथे गिऱ्हाईक बाजारात आधीच फिरत असते. कंपनी मूळ किंमत ठरविते आणि छायाचित्रकार तीवर आपला वाढावा लावतो. दुसरा प्रकार पडद्यामागील छपाईचा. प्रिंटफुल, प्रिंटिफाय, जेलॅटो या सेवा छायाचित्रकाराच्या स्वतःच्या दुकानाला जोडता येतात. त्या छापून माल पाठवितात. विक्रीची किंमत दुकानदार, म्हणजे छायाचित्रकार स्वतः ठरवितो, आणि गिऱ्हाईकही त्यालाच शोधावे लागते.

हिशेब मांडला म्हणजे फरक स्पष्ट होतो. समजा, बारा इंच रुंद आणि अठरा इंच उंच असे एक चित्र ग्राहकाला १,२०० रुपयांना मिळते. पहिल्या प्रकारात मूळ किंमत १,००० रुपये आणि वाढावा २० टक्के धरला, तर छायाचित्रकाराला २०० रुपये मिळतील. दुसऱ्या प्रकारात छपाईचे ६००, वेष्टन व टपाल यांचे १५० आणि पैसे स्वीकारण्याचे सुमारे २४ रुपये वजा जाता ४२६ रुपये उरतील. दहांतील एक चित्र वाटेत खराब झाले आणि ते स्वखर्चाने पुन्हा पाठवावे लागले, तरी सरासरीने ३५१ रुपये पदरात पडतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक सेवेचे दर वेगळे असतात. शिवाय या जादा दीडशे रुपयांत गिऱ्हाईक शोधण्याचे, त्याच्या शंकांना उत्तरे देण्याचे आणि तक्रार निस्तरण्याचे श्रम जमा आहेत. ज्याला ते श्रम करावयाचे नाहीत, त्याने बाजारपेठेची वाट धरली तर त्यात गैर काही नाही. स्वतःच्या श्रमाची किंमत न धरता केलेला हिशेब हा मात्र हिशेबच नव्हे.

परंतु टक्केवारीचा हा हिशेब आजच्या नियमांवर उभा आहे, आणि नियम एकतर्फी बदलतात. रेडबबलने मे २०२३ पासून कलावंतांच्या खात्यांचे वर्ग पाडले आणि सामान्य वर्गातील कलावंतांच्या कमाईतून खातेशुल्क कापण्यास आरंभ केला. सोसायटी सिक्स या अमेरिकी सेवेने २०२३ मध्ये वर्गणीचे वर्ग आणले आणि २०२५ मध्ये निवडक कलावंतांपुरताच बाजार ठेवण्याचे ठरवून अनेकांची दुकाने बंद केली. वर्षानुवर्षे तेथे चित्रे मांडलेल्या माणसांना आपले बिऱ्हाड उचलावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रिंटफुल आणि प्रिंटिफाय या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केले. एका दाराने ‘नाही’ म्हटले तर दुसरे दार ठोठावण्याची सोय अशा घटनांनी कमी होते. या कंपन्यांच्या मनात पाप आहे असे म्हणण्याचे कारण नाही. भांडवलाला परतावा हवा असतो, आणि तो कमी पडू लागला की ज्याची संघटना नाही त्याच्या हिश्शावर आधी कात्री चालते. कांदा आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको.

म्हणून सेवा पत्करण्यापूर्वी करारातील चार गोष्टी तपासल्या पाहिजेत. ग्राहकाचे नाव आणि पत्ता कोणाजवळ राहतो, ही पहिली. बाजारपेठेत तो सामान्यतः कंपनीजवळच राहतो. परिणामी दहा वर्षे चित्रे विकणाऱ्या छायाचित्रकाराला आपल्या दहा गिऱ्हाइकांची नावेही ठाऊक नसतात, आणि दुकान बंद झाले की त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरी गोष्ट परवान्याची. चित्र छापण्याची परवानगी त्या कंपनीपुरतीच बांधून घेतली आहे की तेच चित्र अन्यत्रही विकता येते? चित्र काढून घेतल्यावर परवानगी संपते की चालूच राहते? तिसरी गोष्ट अलीकडची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांना शिकविण्यासाठी ही चित्रे वापरण्याची मुभा कंपनीने करारात घेऊन ठेवली आहे काय? चौथी, किंमत ठरविण्याचा अधिकार कोणाचा आणि किमान किती रक्कम साठल्यावर पैसे हाती येतात. मूळ चित्राची पूर्ण आकाराची प्रत स्वतःजवळ दोन ठिकाणी जपून ठेवणे, हे तर सांगावयासच नको.

छपाईचा दर्जाही डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मान्य करू नये. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र सामान्यतः ६,००० बाय ४,००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू धरले तर ते वीस इंच लांब आणि सव्वातेरा इंच रुंद असे उत्तम छापता येते. दुरून पाहावयाच्या मोठ्या चित्राला याहून कमी बिंदू चालतात. तीनास दोन या प्रमाणातील चित्र आठ बाय दहा इंचांत बसविले तर त्याच्या कडा कापल्या जातात, आणि मोर्चातील पहिल्या रांगेचा शेवटचा माणूस नाहीसा होतो. पडद्यावरील उजळ रंग कागदावर मंदावतात. आम्लरहित कागद आणि पिगमेंट शाई यांचे चित्र साध्या छपाईपेक्षा दीर्घकाळ टिकते. म्हणून विक्री सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने एक नमुना मागवावा आणि तो उन्हाच्या खिडकीजवळ काही आठवडे टांगून पाहावा. चित्रावर नाव छायाचित्रकाराचे असते. रंग उडाला तर बोल त्यालाच लागतो.

हक्काचा प्रश्न मात्र कंपनीच्या दारापाशी सुरू होत नाही. तो चित्र टिपले जाते त्याच क्षणी सुरू होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. लग्नाची चित्रे परस्पर विक्रीस ठेवणे म्हणूनच बेकायदा ठरू शकते. वृत्तपत्राच्या नोकरीत टिपलेल्या चित्रावर प्रकाशनापुरता हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा, आणि वेगळे ठरलेले नसेल तर उरलेले हक्क छायाचित्रकाराचे, असा भेद कायदा करतो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांचे संरक्षणही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे असे वाढविले. हे हक्क छायाचित्रकाराने अवश्य वापरावेत. परंतु ऊस तोडणाऱ्या बाईचा घामेजलेला चेहरा कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात, किंवा उशीच्या अभ्र्यावर, विकावयाचा असेल तर तिची संमती घेतली काय? तिला त्यातील काही मिळाले काय? कंपनीकडून न्याय्य हिस्सा मागणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. चित्र समजावून सांगून घेतलेली परवानगी, तिला एक छापील प्रत आणि विक्रीतील ठरलेला वाटा, एवढे तरी झालेच पाहिजे.

याला पर्यायी वाट आहे, आणि ती चाललेली आहे. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमूर, जॉर्ज रॉजर आदी छायाचित्रकारांनी १९४७ मध्ये मॅग्नम ही संस्था सहकारी तत्त्वावर उभारली, ती चित्रांचे हक्क नियतकालिकांच्या मालकांकडे न जाता छायाचित्रकारांकडेच राहावेत म्हणून. आयस्टॉकफोटो ही चित्रपेढी २००६ मध्ये गेटी इमेजेस या कंपनीला पाच कोटी डॉलरना विकली गेली. पुढे तिच्याच संस्थापकाने सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये कॅनडात स्टॉक्सी ही छायाचित्रकारांच्या मालकीची सहकारी संस्था काढली आणि साध्या परवान्यातील निम्मी रक्कम चित्र देणाऱ्याला देण्याचा नियम घातला. स्टॉक्सी छापील प्रती नव्हे, वापराचे परवाने विकते. परंतु मालकीचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

दूधसंघ आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या महाराष्ट्रात दहा-बारा छायाचित्रकारांनी एकत्र येणे अवघड का वाटावे? शहरातील एका चांगल्या छपाईगृहाशी सामुदायिक दर ठरवावा, एक समाईक दुकान चालवावे, गिऱ्हाइकांची वही सर्वांच्या मालकीची ठेवावी आणि बाजारपेठेचा उपयोग केवळ नवे गिऱ्हाईक मिळविण्यापुरता करावा. तोवर एकट्याने निवड करणाऱ्याने एवढे पथ्य पाळावे : ज्या सेवेतून आपली चित्रे आणि आपले गिऱ्हाईक घेऊन एका दिवसात बाहेर पडता येते, ती थोडी महाग पडली तरी स्वस्त समजावी, आणि जिच्यातून तसे बाहेर पडता येत नाही, ती फुकट असली तरी महागच.