घरून काम हवे, पण लेखी नियमाने!

करोनाच्या साथीने मार्च २०२० मध्ये कचेऱ्यांना कुलुपे लागली आणि संगणकावर काम करणारी आमची शिकलेली पिढी एका रात्रीत घरी बसून नोकरी करू लागली. साथ ओसरली. आता मालक म्हणतात कचेरीत या, नोकरदार म्हणतात घरूनच बरे आहे. या ओढाताणीतून काही दिवस कचेरी आणि काही दिवस घर अशी मिश्र पद्धत निघाली. तिला हायब्रिड असे नाव मिळाले आहे. हा विषय मूठभर पगारदारांचा आहे, चळवळीला त्याचे काय, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. माणसाने कोठे बसून काम करायचे, किती वेळ करायचे आणि त्याचे काम कोणाच्या नजरेत भरायचे, हे ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती बढती असते, पगारवाढ असते. आमच्या समाजाचा सारा इतिहास या तीन प्रश्नांशी झगडण्यात गेला आहे. मग आजच आपण गप्प का बसायचे?

नागपूरपुरते बोलू. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहान प्रकल्प उभा राहू लागला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव येथील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. तेथे विशेष आर्थिक क्षेत्र झाले. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा या कंपन्या आल्या. विशेष आर्थिक क्षेत्रातील कंपन्यांना सरकारने करात सवलती दिल्या. साथीनंतर घरून कामाचीही सवलत दिली. जुलै २०२२ मध्ये नियम ४३अ घालून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे सरकारने मुभा दिली ती कंपनीला! कर्मचाऱ्याला हक्क म्हणून काहीच दिले नाही. म्हणूनच कंपनीने मनात आणले की मुभा संपते. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले आणि २०२४ मध्ये पगाराचा बदलता भाग हजेरीला बांधला. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवसांची हजेरी लावली. एकाच शहरात दोन कंपन्या, दोन न्याय. दोन्हीकडे ठरविणारा एकच, तो म्हणजे व्यवस्थापन.

मिश्र पद्धत आपल्या मुलांच्या फायद्याची आहे, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नागपूरचा पदवीधर पुण्या-बंगळुरूला नोकरीला जातो तेव्हा त्याची पहिली परीक्षा कंपनीत होत नाही, घरमालकाच्या दारात होते. आडनाव विचारले जाते. मांसाहार करता काय, असे विचारले जाते. भिंतीवर कोणाची तसबीर लावणार, हेही काही जण विचारतात. खोली मिळालीच तर पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो. तोच मुलगा महिन्यातील बरेच दिवस नागपुरात राहून काम करू शकला तर भाडे वाचते, आईबापांचे औषधपाणी होते, धाकट्या बहिणीची फी निघते. मिहानमध्येच नोकरी असेल तरी लाभ आहेच. उत्तर नागपुरातून मेट्रो झाली हे खरे. इंदोरा चौकातून एकाच गाडीने खापरीपर्यंत जाता येते. पण खापरीहून पुढे कंपनीच्या दारापर्यंतची पायपीट उरतेच. येण्याजाण्याचा वेळ वाचला तर तो मुलगा पुढचे शिक्षण घेऊ शकतो, वस्तीतील पोरांना शिकवू शकतो.

पण घर म्हणजे कोणाचे घर? हा प्रश्न कंपन्यांच्या परिपत्रकात कधी येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरातील केवळ २३ टक्के आणि खेड्यातील चार टक्क्यांच्या आसपास घरांत संगणक होता. त्यानंतर मोबाईल वाढले, स्वस्त इंटरनेट आले. खोल्या मात्र वाढल्या नाहीत. साहेबाच्या घरी कामाची वेगळी खोली असते, बंद होणारे दार असते. आमच्या मुलाच्या मागे कुकरची शिटी वाजते, शेजारच्या घरातील टीव्ही ऐकू येतो आणि वीज गेली की बैठकीतून त्याचे नावच गायब होते. मग त्याच्याबद्दल शेरा पडतो, 'कामात लक्ष नाही!' खोली नसणे हा गुणवत्तेचा दोष कसा काय झाला? शिवाय खुर्ची, वीज, इंटरनेट यांचा खर्च कंपनीच्या खात्यातून निघून कर्मचाऱ्याच्या घरखर्चात शिरतो. कंपनीने जागेचे भाडे वाचवायचे आणि त्याचा भार एका खोलीतल्या संसाराने उचलायचा, हा कुठला न्याय?

घरून काम ही नवी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी विदर्भाच्या बिडी धंद्याचा इतिहास आठवावा. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदियाच्या वस्त्यांत आमच्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या घरात बसून बिड्या वळल्या. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून देई. बाई घरी बिड्या वळून कारखान्यात नेऊन देई. तेथे छाट निघे. ठेकेदाराच्या मनाला येईल तेवढ्या बिड्या खराब ठरत आणि त्यांची मजुरी बुडे. पत्ता कमी पडला तर पदरचा विकत घ्यावा लागे. दिवे लागल्यावरही हात चालू राहत, लेकरेही मदतीला बसत, आणि कामाचे तास मोजायला कोणी नसे. मालक म्हणे, ही माझी कामगारच नाही, ती तर स्वतःच्या घरात बसली आहे! घर आणि कारखाना यांचा असा मेळ आमच्या समाजाने फार पूर्वी पाहिला आहे. त्यात सोय मालकाची होती आणि झीज आमच्या बायांची.

या अन्यायाविरुद्ध प्रथम कोण उभे राहिले? कामठीचे बाबू हरदास एल. एन. 'जयभीम' या अभिवादनाचे जनक म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. पण त्यांनी १९३० साली मध्यप्रांत बिडी मजूर संघ उभा केला, ठेकेदाराच्या जाचातून कामगारांना सोडविण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करण्याची धडपड केली, हे किती जणांना ठाऊक आहे? १९३९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यासारख्यांनी पेटविलेला लढा वाया गेला नाही. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले. मालकांनी त्याला आव्हान दिले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९८५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की घरी काम करणाऱ्या बिडी कामगारालाही भविष्य निर्वाह निधी मिळालाच पाहिजे. तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांत विलीन झाला आहे. पण तत्त्व कायम आहे. काम घरी होवो की कारखान्यात, मालकाची जबाबदारी उंबरठ्याशी संपत नाही. अशिक्षित म्हणून हिणवल्या गेलेल्या बिडी कामगारांनी जे मिळविले, ते अभियंत्यांना का मागता येऊ नये?

आता बढतीचा प्रश्न. मुंबईच्या कापड गिरण्यांत पगार बरा मिळे तो विणाई खात्यात. तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगाराला विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. कामगार कामगार भाऊ भाऊ, मग चांगल्या खात्याचे दार आम्हाला बंद का? आजच्या कंपनीत विणाई खाते नाही. पण साहेबाच्या डोळ्यासमोर असणे आणि नसणे अशी दोन खाती हळूच तयार होत आहेत. चहाच्या टेबलावर कामे वाटली जातात, परदेशी जायची संधी ठरते, कोण 'आपला' आहे ते कळते. ज्याचा मामा-काका आधीच त्या कंपनीत आहे, तो घरी बसला तरी त्याचे नाव निघते. आमच्या मुलाचा तेथे कोणी मामा नाही. त्याचे काम हाच त्याचा वशिला. ते कामच दिसले नाही तर तो कोठे जाईल?

हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. चीनमधील शांघाय येथे सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११ साली संशोधकांनी एक प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. पण तेवढ्याच चांगल्या कामाला त्यांना बढती मात्र कमी मिळाली. त्याच कंपनीने २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग केला. सोळाशेवर कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून दोन ठरलेले दिवस घर आणि तीन दिवस कचेरी दिली. हा निकाल २०२४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीत काहीच फरक पडला नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सवलत कोणाला द्यायची हे साहेबाच्या मर्जीवर नव्हते. जन्मतारीख सम की विषम यावर ते ठरले! यातून आम्ही एवढाच बोध घेतो की कायम घरी बसविणे धोक्याचे आहे, मिश्र पद्धत चांगली आहे, आणि ती मर्जीने न चालता नियमाने चालली पाहिजे.

आमच्या भगिनींचा विचार वेगळा करावा लागेल. बाळंतपणानंतर नोकरी सुटू नये म्हणून घरून काम हा मोठा आधार आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली, रजेनंतर कामाच्या स्वरूपाप्रमाणे परस्पर संमतीने घरून काम करण्याची वाट मोकळी केली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचा भार मालकाने उचलावा म्हणून बाबासाहेब बोलले होते, त्याच विचाराची ही वाढ आहे. परंतु घरी आहेस तर स्वयंपाकही कर, पोरही सांभाळ आणि कंपनीचे कामही कर, अशी तिहेरी वेठ तिच्यावर पडत असेल तर दोष केवळ कंपनीचा नाही. तो आपल्या घरातल्या पुरुषांचाही आहे. आणि घरून कामाची सवलत दिली म्हणून पाळणाघर गुंडाळणाऱ्या कंपनीला आपण जाब विचारला पाहिजे.

तासांचेही तसेच. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते सांभाळत असतानाच्या प्रयत्नांतून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज घरून काम करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर रात्री अकरालाही निरोप येतो. कामानंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले, ते पुढे सरकले नाही. ऑस्ट्रेलियात मात्र ऑगस्ट २०२४ पासून तसा कायदा लागू झाला. तेथे होऊ शकते ते येथे का नाही?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणाला किती दिवस घर आणि किती दिवस कचेरी, हे नेमणूकपत्रात लेखी असावे. एका तुकडीत साहेबापासून शिकाऊपर्यंत कचेरीचे दिवस सर्वांना सारखे असावेत, म्हणजे महत्त्वाचे निर्णय कोणाच्या पाठीमागे होणार नाहीत. संगणक, इंटरनेट आणि विजेचा खर्च कंपनीने द्यावा. ज्याच्या घरी जागा नाही त्याला रोज कचेरीत बसण्याचा हक्क असावा आणि त्यासाठी कोणी त्याला कमी लेखू नये. बढतीचे निकष आधी जाहीर व्हावेत आणि बढती कोणाला मिळाली याची सामाजिक वर्गवारी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, उद्योगपतींनी २००६ साली स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली आणि विषय तेथेच थांबला. निदान आकडे तरी उघड करा! सरकारी जमीन आणि करसवलत घेणाऱ्या मिहानमधील कंपन्यांना एवढे सांगण्याचा अधिकार जनतेला आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये सेवा क्षेत्रासाठी काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख होता, पण तोही मालक ठरवील त्या अटींवर. ती अट बदलली पाहिजे.

सारेच सरकारकडे मागून चालणार नाही. आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, त्यांतील अनेकांत अभ्यासिका चालतात. स्पर्धा परीक्षेची मुले तेथे बसतात. त्याच अभ्यासिकेत एक कोपरा, चांगले इंटरनेट, वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आणि बोलण्यासाठी एक बंद खोली केली तर एका खोलीत राहणाऱ्या अभियंत्याची अडचण मिटेल. त्याच्या शेजारी बसलेल्या दहावीच्या मुलालाही संगणकाचे काम कसे असते ते डोळ्यांनी दिसेल. मोठ्या पगाराच्या बांधवांनी वर्गणीतून एवढे करणे अवघड नाही.

आणि शेवटचे, संघटना. 'आम्ही कामगार नाही, आम्ही प्रोफेशनल' हा भ्रम आमच्या शिकलेल्या मुलांनी टाकून द्यावा. कचेरीत निदान चार जण एकमेकांना भेटत. घरी बसलेला माणूस एकटा असतो आणि एकट्या माणसाला कामावरून काढायला एक ई-मेल पुरतो. बिडी वळणाऱ्या बायाही घरोघरी विखुरलेल्याच होत्या. तरी बाबू हरदासांनी त्यांना एकत्र केले. तेव्हा मोबाईल नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात आहे. आता तो साहेबाचे निरोप घेण्यापुरताच वापरायचा की एकमेकांना जोडण्यासाठी, हे ठरविणे आपल्या हाती आहे.