पानाचे वय यंत्राने ठरवू नये

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. ऑक्टोबरअखेर रत्नागिरीहून निघणाऱ्याने इंटरनेटवर जुने पान उघडले, तर त्याची गाडी चुकू शकते. त्या पानाच्या माथ्यावर मात्र आजचीच तारीख असू शकते.

यावर जाणकारांचा पूर्वपक्ष असा की, पानाचे वय यंत्राला काढता येते. सर्व्हर पानासोबत शेवटच्या बदलाची वेळ पाठवतो, ती वाचली की झाले. पण ही वेळ पाठवण्याची सक्ती नाही. शिवाय आजची असंख्य पाने आपण मागितल्यावर त्या क्षणी डेटाबेसमधून रचली जातात. मग त्यांची जन्मवेळ कोणती धरायची? संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवले, तर दहा वर्षांच्या फायली एकाच दिवशी जन्मल्यासारख्या दिसू शकतात.

वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनचा दाखला याहून भक्कम आहे, हे मान्य. पण त्यातली पहिली प्रत एवढेच सांगते की पान त्या दिवशी होते. ते लिहिले कधी, हे ती सांगत नाही.

मजकुरातून वय काढू म्हणावे, तर चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुराचा उल्लेख असलेले पान त्याआधीचे नसणार, हे अनुमानही फसते. २०१५ च्या लेखाच्या कडेला ताज्या बातम्यांची पट्टी असते आणि यंत्र तीही मजकुरातच धरू शकते. उलट, त्या पुराचे वर्णन नव्या तारखेखाली पुन्हा आले, तर चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकाठच्या माणसाने जीव मुठीत धरून पळायचे की घरात थांबायचे?

मूळ घोटाळा वेगळाच आहे. पान लिहिले कधी, बदलले कधी आणि त्यातली माहिती तपासली कधी, या तीन तारखा आहेत. आज एक वेलांटी सुधारली की यंत्राच्या लेखी पान ताजे होते, आतले वेळापत्रक शिळेच राहते. माहिती तपासली की नाही, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे : या तिन्ही तारखा लिहिणाऱ्याने स्वतः पानावर घालाव्यात आणि माहितीला मुदत असेल तर तीही लिहावी. कोणी खोटी तारीख घालील, हा आक्षेप खरा आहे. पण ते खोटे त्याच्या नावावर राहील, त्याला जाब विचारता येईल, आणि ते उघडे पाडायला वेबॅक मशीनची साक्ष तेव्हा खरोखर कामी येईल.