देवी गेल्या, गोवर का जात नाही?

शाळेत आरोग्यावर बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : ‘रोगाला देवी का म्हणायचे?’ अंगभर फोड, तापाने फणफणलेले लेकरू आणि हाताशी औषध नाही. लोकांनी त्याला शितळादेवीचा कोप मानले. पुढे लसीलाही तेच नाव चिकटले. टोचून घेणे म्हणजे ‘देवी काढणे’. आजीच्या हातावरचे मोठे वण त्याचेच. भारतातली पहिली लस मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही. शितळादेवीची देवळे मात्र आजही गजबजलेली आहेत, आणि त्यात वावगे काही नाही.

‘मग गोवर का जात नाही?’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण गोवर-रुबेला निर्मूलनासाठी देशाने २०२६ चे लक्ष्य ठेवले आहे. देवीचा रुग्ण फोडांवरून ओळखू येई. मग त्याच्या आसपासच्या सगळ्यांना टोचले की साखळी तुटे. गोवराचे तसे नाही. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देत असते. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. म्हणून शंभरातल्या किमान ९५ मुलांना दोन्ही डोस आधीच मिळालेले हवेत. २०२२ मध्ये गोवंडीत साथ पेटली, ती लस राहून गेलेल्या मुलांमध्ये.

घरोघरी गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, पाहुण्यांना आत घेत नाहीत. याला मी कधीच नावे ठेवत नाही. ते विलगीकरणच झाले! राग येतो तो ‘देवी आहे, औषध देऊ नका’ या हट्टाचा. गोवरात मुले दगावतात ती बहुतेकदा न्यूमोनियाने, आणि तोवर चार दिवस घरातच गेलेले असतात. रुग्णालयात लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात, त्याने गुंतागुंत आणि मृत्यूचा धोका घटतो. धाप, गुंगी, झटके, किंवा मूल दूध-पाणी घेईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो.