फलजचं पाणी उगमाशीच राखा

ओमानमधल्या फलजच्या पाण्याला ठरलेला क्रम असतो. डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाट गावाशी जिथे उघड्यावर येतो, तिथे फक्त पिण्याचं पाणी भरायचं. त्याच्या खाली मशिदीचं, मग अंघोळीचं नि धुण्याचं, आणि शेवटी खजुराच्या बागांचं. आपल्या नद्यांवर पाणवठा वर आणि धुणं-गुरं खाली असायची, तेच हे शहाणपण. पाट जपायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला ‘वकील’ म्हणतात. असे सुमारे 3,000 फलज अजून वापरात आहेत. त्यांतले पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. निझवाचा फलज दारिस त्यांपैकी एक.

पण हा सगळा बंदोबस्त पाणी गावात आल्यानंतरचा. आज पाण्यात जिवाणू येतात ते त्याच्याही वरून. मलवाहिनी पोहोचलेली नाही तिथे घराशेजारी मैल्याची टाकी असते आणि ती भरली की पिवळा टँकर येऊन उपसून नेतो. टाकी तळाशी गळकी असली तर ती लवकर भरतच नाही. टँकरचे पैसे वाचतात, म्हणून गळतीची तक्रारही कुणी करत नाही. मैला मात्र खाली मुरत राहतो. बारीक वाळू जिवाणूंना बऱ्यापैकी अडवते. वादीच्या, म्हणजे डोंगरी ओढ्याच्या, कोरड्या पात्रातले मोठे गोटे आणि हजर पर्वतातला भेगाळ चुनखडक अडवत नाहीत. त्यात शेळ्यांच्या लेंड्या, बागेत घातलेलं कच्चं खत, सहलीला आलेल्यांनी दगडाआड केलेली घाण. महिनोन्‌महिने पाऊस नसल्याने हे सारं पात्रात साठतं आणि पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली उतरतं. ‘घैली’ प्रकारचे फलज तर वादीतलं उथळ, वाहतं पाणीच उचलतात. त्यांच्या पाण्याला गाळून घेणारी माती वाटेत जवळजवळ नसतेच.

पिण्याच्या पाण्याचे स्रोत राखण्याचा कायदा ओमानने 2001 मध्येच केला. मस्कतमध्ये मलवाहिन्यांचं जाळंही वाढलं. तरी माझ्या मते खरी ढिलाई दुसरीकडे आहे. पिण्याचं पाणी आता मुख्यतः समुद्राचं गोडं करून नळाने येतं, आणि जे पाणी आपण पीत नाही त्याची काळजी घ्यायची निकड उरत नाही. पण त्याच पाटात मुलं डुंबतात, त्याच पाण्यावर भाजी पिकते, जनावरं तेच पितात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरीचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तेव्हा कुठे त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या नांदेड गावच्या विहिरीकडे सगळ्यांची नजर वळली. इतकं थांबायची गरज नसते.

वाहत्या पाटात क्लोरीन टाकून भागणार नाही. फलजचा पाट जिथून निघतो त्या मूळ विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रत्येक टाकीची गळती तपासायला हवी. टाकी भरली नाही, हीच शंकेची जागा मानावी. मूळ विहिरीभोवती जनावरांना आणि खताच्या ढिगांना मज्जाव हवा.

आणि सुट्टीत वादी शाबला किंवा वादी बनी खालिदला जाणाऱ्या मस्कतच्या मराठी कुटुंबांना विनंती: बाळाचे वापरलेले डायपर पिशवीत बांधून घरी आणा, आणि शौचाला पात्रात किंवा काठावर बसू नका. त्या पाण्याच्या खालच्या अंगाला गावं आहेत.