किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांच्या चिरंजीवांनी न्यू जर्सीहून येताना त्यांच्यासाठी एक उंची मोबाइल फोन आणला. बाईंनी हौसेने आपले येथले सिम कार्ड त्यात बसविले, तो पडद्यावर अक्षरे उमटली की, हे सिम या फोनमध्ये चालावयाचे नाही. फोन चोरीचा नव्हता. उधारीचाही राहिला नव्हता. तो हप्त्यांनी घेतलेला होता हे खरे, परंतु निघण्यापूर्वी चिरंजीवांनी उरलेली सारी रक्कम एकदम भरून पावती खिशात घातली होती. त्यांनी तेथल्या कंपनीस लिहिले. उत्तर आले : पैसे पोचले, आभारी आहोत, परंतु हा फोन आमच्या नेटवर्कवर ठरलेले दिवस चाललेला नाही, सबब त्याचे कुलूप काढता येत नाही. बाई आमच्याकडे आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, "पैसे आमचे गेले, मग फोन कोणाचा?"

वृत्तपत्राच्या धंद्यात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत मराठी शिकविले आहे. षष्ठीचे चा, ची, चे हे प्रत्यय फळ्यावर लिहून 'रामाचे घर', 'गोविंदाची गाय' अशी उदाहरणे आम्ही देत असू, आणि स्वामित्व म्हणजे काय हे मुलांना एका प्रत्ययात समजे. 'बाईंचा फोन' हे उदाहरण आज फळ्यावर लिहावे की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत. घर रामाचे, पण दाराची किल्ली गवंड्यापाशी, आणि रामाने कोणत्या पाहुण्यास आत घ्यावे हेही गवंड्यानेच ठरवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

हे कुलूप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते असते तरी कसे हे थोडे सांगितले पाहिजे. प्रत्येक सिम कार्डात एक क्रमांक साठविलेला असतो. त्याचे आरंभीचे आकडे देश आणि कंपनी सांगतात. भारतातील सिमचा क्रमांक ४०४ किंवा ४०५ने सुरू होतो. कुलूपबंद फोन हे आकडे वाचतो आणि ते आपल्या धन्याचे नसले की दार लावून घेतो. यंत्रात काही उणे नसते. परक्या नेटवर्कशी बोलण्याची शक्ती त्यात असते. ती बुद्धिपुरस्सर बांधून ठेवलेली असते. पूर्वी फोनच्या पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकाशी जुळणारा एक संकेतांक कंपनी देई. तो दाबला की काम झाले. आताच्या पुष्कळ फोनांत तेही राहिले नाही. कोणता फोन खुला आणि कोणता बंद याची नोंद दूर कोठेतरी संगणकात असते, आणि फोन तेथे विचारणा करून मगच मालकाचे ऐकतो. तेव्हा दुकानदाराच्या हातचलाखीनेही प्रश्न सुटत नाही; कंपनीची मर्जी संपादन करावीच लागते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. महाग फोन त्या गिऱ्हाइकास आरंभी अल्प किंमतीत देतात आणि उरलेली रक्कम दोन-तीन वर्षांच्या मासिक आकारातून वसूल करतात. फोन घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या दारी गेले, तर पदरचे पैसे बुडाले. म्हणून तारणादाखल हे कुलूप. ठीक आहे. परंतु कर्ज फिटले की तारण सुटते, हा तारणाचा पहिला नियम होय. बँक पाटल्या गहाण ठेवून घेते. पण शेवटचा हप्ता भरल्यावर 'या पाटल्या तुम्ही आमच्या शाखेसमोर चाळीस दिवस मिरविल्या नाहीत' असे म्हणून त्या तिजोरीत अडकवून ठेवीत नाही. कुलपामुळे चोरी कमी होते हा दुसरा युक्तिवादही आम्हांस पटत नाही. चोरीस गेलेला फोन त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून सर्व कंपन्यांच्या नेटवर्कांवर बंद करता येतो. आपल्याकडे तशी सोय आहे, आणि १६ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या 'संचार साथी'वरून सामान्य नागरिकास ती वापरता येते. चोराचा बंदोबस्त करावयाचा तर चोरीचा फोन बंद करावा. सावाचा फोन जन्मभर बांधून ठेवण्याचे कारण काय?

हा तंटा मोबाइलबरोबर जन्मला असे नव्हे. अमेरिकेत टेलिफोन म्हणजे बेल कंपनी, असा एक काळ होता. घरातले यंत्रसुद्धा गिऱ्हाइकाचे नसे. ते कंपनीचे, भाड्याने दिलेले, आणि त्याला दुसऱ्या कोणाची वस्तू जोडण्यास सक्त मनाई. फोनवरचे बोलणे शेजारच्या टेबलास ऐकू जाऊ नये म्हणून 'हश-ए-फोन' नावाची पेल्यासारखी एक वस्तू निघाली होती. ती नुसती यंत्राच्या मुखाशी बसवावयाची. तारेचा किंवा विजेचा संबंध नाही. तिलाही कंपनीने हरकत घेतली, आणि सरकारच्या दळणवळण आयोगाने १९५५ साली कंपनीच्या बाजूने कौल दिला! तोंडापुढे हाताचा आडोसा धरून बोलणाऱ्यास मात्र कोणी पकडले नाही, एवढेच नशीब. पुढल्याच वर्षी अपील न्यायालयाने हा कौल फिरविला. मग टेक्सासचे टॉमस कार्टर आले. बिनतारी यंत्रावरील बोलणे टेलिफोनच्या तारेत पोचविणारे त्यांचे 'कार्टरफोन' हे उपकरण कंपनीने निषिद्ध ठरविले होते. १९६८ साली त्याच आयोगाने निर्णय दिला की, जे उपकरण नेटवर्कास अपाय करीत नाही ते जोडण्यास कंपनीने मनाई करता कामा नये. निरोप टिपून ठेवणारी यंत्रे आणि संगणकाचे मोडेम घरोघरी गेले, ते या निर्णयाने मोकळ्या केलेल्या वाटेने.

इतके झाल्यावरही त्याच देशात मोबाइलच्या कुलपाचा निवाडा ग्रंथपालाच्या हाती जावा, ही मौजेची गोष्ट आहे. चित्रपट व गाणी यांची फुकट नक्कल होऊ नये म्हणून १९९८ साली तेथे कायदा झाला आणि अशा कृतींना घातलेले संगणकीय कुलूप तोडणे गुन्हा ठरले. फोनच्या आतली आज्ञावलीही एक 'कृती'च. म्हणून फोनचे कुलूपही त्या कायद्याच्या तावडीत सापडले. यातून सूट द्यावयाची की नाही हे दर तीन वर्षांनी अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाचा प्रमुख ठरवितो. २००६ व २०१० साली त्याने सूट दिली. २०१२ साली नव्या फोनांपुरती ती काढून घेतली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या संमतीवाचून खुला करणे बेकायदा झाले. हे काम धंदा म्हणून करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरांपर्यंत दंड! एखाद्याने फोन फोडून त्याचा भुगा केला तर कायदा काही बोलणार नाही. पण तोच फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालविला तर गुन्हेगार, असा हा न्याय होता.

लोकांनी तो सोसला नाही, हे विशेष. सीना खानीफार या तरुण उद्योजकाने व्हाइट हाऊसकडे मांडलेल्या अर्जावर एक लाख चौदा हजारांहून अधिक सह्या झाल्या. मार्च २०१३ मध्ये सरकारने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याचे पोवाडे त्या वेळी पुष्कळ गायिले गेले. त्याने दिले काय, हे मात्र नीट पाहावे. कुलूप स्वतः काढले तर तुरुंग नाही, एवढे त्याने दिले. किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती ठेवण्याची सक्ती त्याने कंपनीवर केली नाही. ज्या व्हेरायझन कंपनीने २००८च्या स्पेक्ट्रम लिलावात आपले नेटवर्क व फोन खुले ठेवण्याची अट पत्करली होती, तिने २०१९ साली साठ दिवसांपर्यंत कुलूप ठेवण्याची सवलत मिळविली आणि मे २०२५ मध्ये ती साठ दिवसांची मर्यादाही आपल्यावरून उठवावी असा अर्ज केला. आमच्या शेजारणीचा फोन अडला आहे तो या फटीत. इतर देशांनी ही फट बुजविली आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७पासून फोन खुलेच विकावे लागतात आणि जुन्यांचे कुलूप फुकट काढून द्यावे लागते. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१पासून कुलूपबंद फोन विकण्यासच बंदी आहे. तेथल्या कंपन्यांचे दिवाळे वाजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता हे अमेरिकेचे दुखणे आपण कशासाठी उगाळावे, असे वाचक म्हणतील. आपल्या बाजारात बहुतेक फोन खुलेच मिळतात, आणि २० जानेवारी २०११पासून कंपनी बदलली तरी आपला क्रमांक देशभर आपल्यापाशी राहतो. या दोन बाबतींत आपण सुदैवी आहोत, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु कुलूप आपल्याला अपरिचित नाही. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून रिलायन्सचा फोन घेण्यासाठी लागलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. त्या फोनांतून सिम काढून दुसरीकडे घालण्याचा प्रश्नच नव्हता. क्रमांक यंत्रातच कोंबलेला असे. त्या योजनेने सामान्यांच्या हाती फोन दिला, म्हणून लोकांनी ते चालवून घेतले. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आलेला जिओफोन एकाच कंपनीच्या सिमवर चाले. स्वस्ताईची ती किंमत होती, असे फार तर म्हणता येईल. पण २२ ऑगस्ट २००८ रोजी आलेल्या आयफोनविषयी काय म्हणावे? अमेरिकेत दोन वर्षांच्या कराराने जो १९९ डॉलरांना मिळे, तोच आठ जीबीचा फोन येथे एअरटेल व व्होडाफोन यांनी ३१,००० रुपयांस विकला. सवलत नाही, उधारी नाही, रोख पूर्ण दाम; आणि वर कुलूप! ते कशाचे तारण होते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

त्या काळी लॅमिंग्टन रस्त्यावरच्या कारागिरांनी अशी अनेक कुलपे उघडून दिली. येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण सुशिक्षित माणसेही या बाबतीत घोटाळा करतात. फोनचे कुलूप काढणे निराळे आणि त्याचा आयएमईआय क्रमांक बदलणे निराळे. क्रमांकात फेरफार करणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैदेस आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. एखादा कारागीर 'नंबर मारून देतो' म्हणाला, तर त्याच्या गाळ्याची पायरी उतरावी हे बरे.

आमची खरी चिंता मात्र वेगळी आहे. कंपनीचे कुलूप आपल्याकडे मागे पडले, पण सावकाराचे आले आहे. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये कर्ज देणारी संस्था एक ॲप बसविते, आणि हप्ता चुकला की फोन दुरून बंद होतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली ही प्रथा थांबविण्यास सांगितले होते, आणि आता नियम घालून तिला परवानगी देण्याचा विचार चालू आहे, असे वृत्त सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढल्या महिन्यात बँकेच्या वरिष्ठांनीही विषय तपासला जात असल्याचे सांगितले. बुडीत कर्जाची काळजी रिझर्व्ह बँकेने वाहावी हे योग्यच. परंतु हप्त्यावर फोन कोण घेतो? घरोघर जेवण पोचविणारा मुलगा, रिक्षावाला, चार घरची कामे करणारी बाई. त्यांची कामाची वर्दी फोनवर येते, मजुरी फोनवर जमा होते, रेशनचा आणि बँकेचा परवलीचा आकडा फोनवर येतो. तो बंद केला की हप्ता भरण्याचे साधनच हिरावले जाते. आणि हे सर्व नोटिशीवाचून, सुनावणीवाचून, कोठल्याशा संगणकाने रात्री दोन वाजता करावयाचे!

महाराष्ट्राला हा प्रसंग नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारांवर गेले, ते मुख्यतः त्यांची कर्जखते जाळण्यासाठी. त्या दंग्यांनंतर परक्या सरकारनेही १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. खताच्या कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला, कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले, आणि भरलेल्या पैशांची पावती व हिशेब मागण्याचा हक्क कुळाला दिला. दीडशे वर्षांपूर्वी बैलजोडीच्या मालकास जे संरक्षण द्यावेसे वाटले, ते फोनवर पोट भरणाऱ्यास नाकारावयाचे काय?

म्हणून या विषयावर रिझर्व्ह बँकेचा जो काही नियम असेल, त्यात कर्जदाराला आधी पुरेशा मुदतीची लेखी सूचना आणि तक्रारीस जागा असलीच पाहिजे. थकबाकी कितीही असो, ११२ क्रमांकाचा फोन, घरच्यांचे येणारे फोन आणि बँकेचे संदेश कोणी बंद करता कामा नयेत. शेवटचा हप्ता भरला की त्याच दिवशी, अर्ज न करता, ते ॲप फोनमधून निघाले पाहिजे. आणि ते निघाले नाही तर दंड कर्ज देणाऱ्यास व्हावा. दूरसंचार कंपन्यांचे कुलूप आज येथे विरळ आहे, एवढ्यावर विसंबून राहणेही बरे नव्हे. ब्रिटनसारखी स्पष्ट बंदी केंद्र सरकारने आताच घालावी. कुलपे बाजारात भरल्यावर ती घालणे कठीण जाईल. अमेरिकेत शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांनी, मायदेशी फोन आणावयाचा तर तो तेथे खुला झाल्याची खात्री विमानात बसण्यापूर्वी करून घ्यावी, आणि शक्य तर पहिल्यापासून खुलाच फोन विकत घ्यावा. चार पैसे अधिक पडतील, पण मागाहून पत्रव्यवहार करण्याची पाळी येणार नाही.

बाईंचा फोन सध्या त्यांच्या कपाटात आहे. दिवाळीनंतर त्यांचा एक भाचा न्यू जर्सीस जावयाचा आहे. त्याच्या हाती तो परत जाईल, तेथल्या कंपनीच्या नेटवर्कवर उरलेले दिवस नुसताच चालू राहील, आणि कंपनीचे समाधान झाले म्हणजे कोणातरी येणाऱ्याबरोबर पुन्हा दादरला येईल.