आपलाही एक ६६ नंबर आहे!

होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर, रात्री साडेअकरानंतर, 'चला, रोड ट्रिप मारूया' असं म्हणून बघा. पुढचा शब्द कोणता येणार यावर पैज लावायचीसुद्धा गरज नाही. गोवा! 'दिल चाहता है' २००१ साली आला. तेव्हा आमच्या बॅचमधलं कुणी जन्मालाही आलेलं नव्हतं. पण तीन मित्र, टप नसलेली गाडी आणि गोव्याचा रस्ता हे चित्र सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे जर्नलसारखं वारशानं येतं.

मग काय होतं? निम्मे प्लॅन सबमिशनमध्ये बुडतात. उरलेल्यांतले निम्मे घरच्या परवानगीत. जे खरंच जातात ते रात्रीच्या स्लीपर बसनं जातात आणि म्हापशाला डोळे चोळत उतरतात. ट्रिप झाली, पण त्यात रोड कुठे होता? अख्खं कोकण झोपेत गेलं की!

माझं मत सरळ आहे. पटलं नाही तर मेसमध्ये भांडू. रोड ट्रिप करायचीच असेल तर आपल्या दारातली करा. पळस्पे फाटा ते पेण, जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. मधोमध कर्नाळा. ती नीट करायची तर एक रविवार कमी पडतो. आणि ती लवकर करा, कारण या रस्त्यावर 'थांबणं' हीच गोष्ट हळूहळू संपत चालली आहे.

अमेरिकेतला 'रूट ६६' तुम्ही टी-शर्टवर नक्की पाहिला असेल. शिकागो ते लॉस एंजेलिस, साधारण चार हजार किलोमीटरचा हा रस्ता १९२६ साली ठरला, म्हणजे २०२६ हे त्याचं शंभरावं वर्ष. जुन्या गाड्या घेऊन लोक त्यावर फिरतात, ते काही मोठी स्मारकं बघायला नाही. त्यांना रस्त्याकडेच्या वेडगळ गोष्टी बघायच्या असतात. टेक्ससमध्ये अमॅरिलो गावाजवळ १९७४ साली कलाकारांच्या एका गटानं दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या करून जमिनीत पुरल्या. आजही येणारे-जाणारे थांबतात आणि त्यांवर रंगाचे फवारे मारून जातात. बस, एवढंच! पण पुढे मोठे, वेगवान हायवे झाले, १९८५ साली रूट ६६ हा नंबरच सरकारी यादीतून काढून टाकला आणि त्या रस्त्यावर जगणारी गावं ओस पडत गेली. आपण काय घालवलं हे नंतर लक्षात आलं. मग १९९९ साली त्या रस्त्याचे अवशेष जपण्यासाठी त्यांच्या संसदेनं चक्क कायदा केला.

आता गंमत बघा. आपला मुंबई-गोवा हायवे पूर्वी १७ नंबरचा होता. २०१० साली देशातल्या महामार्गांचे नंबर बदलले आणि पनवेलहून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याला नवा नंबर मिळाला... ६६! योगायोगच आहे, पण बोलका.

तर आपल्या ६६ वर काय आहे? पळस्प्याला मिसळ किंवा कोथिंबीर वडी खाऊन निघा (उपाशीपोटी इतिहास समजत नाही, हा स्वानुभव). पहिला थांबा शिरढोण. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचा वाडा आहे, स्मारक आहे. शाळेत इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी होत्या, त्या मी मार्कांपुरत्या पाठ केल्या होत्या. एक गोष्ट त्यात नव्हती. १८७९ च्या उठावानंतर पकडून त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं, तेव्हा १८८३ साली या माणसानं कोठडीचं दार बिजागरीतून उखडलं आणि पळ काढला. दुर्दैवानं ते पुन्हा पकडले गेले आणि त्याच महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. कुलपाशी झटापट न करता बिजागरी शोधणारं हे डोकं मेकॅनिकलवाल्यांना तरी माहीत असायला हवं की नाही? तरीही रोज हजारो गाड्या या फाट्यावरून काच वर करून जातात.

शिरढोणच्या पुढे डोंगर जवळ येतो आणि तो दिसतो... कर्नाळ्याचा अंगठा! किल्ल्याच्या माथ्यावर उभा राहिलेला बेसॉल्टचा सुळका. उंची सव्वाशे फुटांच्या आसपास, त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि अंगावर मधमाश्यांची पोळी. (म्हणून वर गेल्यावर आरडाओरडा, धूर, सेंट, सगळं बंद. माश्या विनोद समजत नाहीत.) इंग्रज या डोंगराला 'फनेल हिल' म्हणायचे. मला मात्र तो बघितला की एकच वाटतं. हा डोंगर गेली कित्येक शतकं रस्त्याकडेला अंगठा वर करून लिफ्ट मागतोय आणि कुणी थांबत नाहीये!

एके काळी थांबावंच लागायचं. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता, पुढे तो परत घेतला. १८१८ साली कर्नल प्रॉथरनं तो इंग्रजांसाठी जिंकला. तोवर इथे किल्लेदार कोण, तर वासुदेव बळवंतांचे आजोबा. आजोबांच्या हातून किल्ला गेला आणि सहा दशकांनी नातू इंग्रजांवर उठला. या गोष्टीची दोन टोकं काही किलोमीटरच्या अंतरात, एकाच रस्त्यावर आहेत. पण दोन्हीकडे उतरल्याशिवाय ती जुळत नाहीत.

किल्ल्याभोवतीचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. २००३ साली ते वाढवलं, आता क्षेत्र साधारण बारा चौरस किलोमीटर. शेपटीला दोन लांब दोऱ्या लावल्यासारखा दिसणारा भृंगराज कोतवाल, पांढऱ्या फिती मिरवत उडणारा स्वर्गीय नर्तक, पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर, हे सगळे हायवेच्या हॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर असतात. हिवाळ्यात बाहेरगावचे पाहुणे वेगळे.

तिथून पुढे तारा गाव. इथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 'क्विट इंडिया' ही घोषणा देणारे युसूफ मेहेरअली, त्यांच्या नावानं १९६१ साली डॉ. जी. जी. पारीख आणि सहकाऱ्यांनी उभं केलेलं. लाकडी घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी... खेड्यातला माणूस खेड्यातच कसा कमावेल याचा प्रयोग. डॉक्टरसाहेब २ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. गांधी जयंतीच्या दिवशी! पुढे खारपाड्याहून सावरोलीकडच्या रस्त्यानं आत वळलात तर आपटा स्टेशन. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया'मध्ये काजोल धावत येते आणि शाहरुख हात पुढे करतो तो शेवटचा सीन इथला. पंजाब समजून आपण ज्यावर रडलो तो प्लॅटफॉर्म चक्क रायगड जिल्ह्यातला! मग पाताळगंगा ओलांडली की हमरापूर, जोहे आणि पेण. घराघरात गणपतीचे कारखाने. पावसाळ्याच्या तोंडाला रंग न दिलेल्या शेकडो मूर्ती ओळीनं वाळत असतात आणि अजून डोळे आखायचे असल्यामुळे सगळे बाप्पा झोपल्यासारखे वाटतात. अमॅरिलोच्या दहा गाड्यांपेक्षा हे दृश्य मला तरी कितीतरी भारी वाटतं.

हे सगळं मला दिसलं याचं श्रेय एका पद्मिनीला. पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आधीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं विकली जायची. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, पुढे बाकासारखी अखंड सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. माझ्या एका मैत्रिणीच्या आजोबांनी आपली पद्मिनी अजून पासिंग करून करून जपली आहे. (सरकारी नियमानं 'व्हिंटेज' ठरायला गाडी पन्नासच्या वर लागते, आणि २०२१ च्या त्या नियमाप्रमाणे मग ती रोज फिरवता येत नाही. आजोबा म्हणतात, "मला शोकेसमधली बाहुली नकोय, गाडी हवीय.") जूनमध्ये पहिल्या पावसानंतरच्या रविवारी त्यांनी आम्हा चौघींना पेणपर्यंत नेलं. साठच्या वर काटा नाही. खिंडीचा चढ संपला की बॉनेट उघडायचं, इंजिन गार होऊ द्यायचं. "गाडी दमली की माणसानं उतरायचं, पोरींनो." आम्ही उतरलो. समोर एक ठाकर मावशी टोपलीत शेवळं घेऊन बसल्या होत्या. मी वीस वर्षांत ही भाजी पाहिली नव्हती. मावशी म्हणाल्या, "बाय, काकडं टाकल्याबिगर शिजवू नको, घसा धरंल." आणि काकडांची आंबट फळं मूठभर वर घातली. जुड्यांचे पैसे घेतले, सल्ला फुकट!

जुन्या गाडीची खरी किंमत इथे आहे. ती तुम्हाला थांबायला लावते. साधा हिशोब करा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पाटी दिसून, वाचून, 'जायचं का?' असं शेजाऱ्याला विचारेपर्यंत चार सेकंद जातात. शंभर मीटर संपले, फाटा मागे गेला. ५० च्या वेगाला तेच अंतर ५५-५६ मीटर. वेग दुप्पट झाला की वेळ वाचतो हे आपण फिजिक्समध्ये शिकलो. त्यात काय काय दिसेनासं होतं ते मात्र सिलॅबसमध्ये नाही.

आता काही जण म्हणतील, बाई, कोकणात गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्याला विचार, रस्ता रुंद हवा की नको? अगदी बरोबर. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, ते इतकी वर्षं रखडलं आणि त्या खड्ड्यांनी माणसं मारली. रस्ता रुंद झालाच पाहिजे. अॅम्ब्युलन्सला भृंगराज बघायला वेळ नसतो. माझं म्हणणं एवढंच की रुंद रस्त्यावर थांबायची जागासुद्धा डिझाइन करावी लागते. पूर्वी गाडी कडेला घेतली की झालं. आता तसं केलं तर मागून येणारा ट्रक तुम्हाला उडवेल. म्हणजे थांबणं आपोआप बंद होतं आणि टोपली घेऊन बसलेल्या मावशींचं गिऱ्हाईकही. त्या मग गिऱ्हाईकाच्या मागे थेट लेनच्या कडेपर्यंत येतात. हा अपघात आपण ड्रॉइंग बोर्डवरच काढून ठेवतो. ट्रकसाठी थांबे, बससाठी बे, हे महामार्गांच्या डिझाइनमध्ये असतंच. मग चार टोपल्या आणि सहा गाड्या मावतील असा एक बे, आत यायला-बाहेर पडायला नीट लेन, वर पत्रा, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, हे इतकं अवघड आहे का? सिव्हिलवाल्यांनो, फायनल इयरला 'पार्किंग अॅनालिसिस' इंटरनेटवरून उतरवण्यापेक्षा हा प्रोजेक्ट घ्या. साइट वीस मिनिटांवर आहे. सरांनीही विचार करावा ही विनंती.

दुसरी शंका जास्त खरी आहे. सगळे थांबायला लागले तर कर्नाळ्याचं काय होईल? वेफर्स खाऊन माजलेली माकडं आणि ओढ्यात बाटल्या, हे आजही दिसतं. म्हणून माझे तीन नियम. अभयारण्यात फाटकातून, तिकीट काढून, पायी जायचं. माकडाला काही द्यायचं नाही, अगदी त्यानं कितीही केविलवाणा चेहरा केला तरी. आणि गाणी कानात, स्पीकरवर नाही. एवढं जमत नसेल त्यानं खुशाल स्लीपर बसनं गोव्याला जावं.

आणि हो, पद्मिनी कुठून आणू, असं विचारू नका. पनवेल डेपोतून सुटणारी साधी लाल एसटी घ्या. खिडक्या खडखडतात, वेग बेताचा, जागोजागी थांबते. म्हणजे क्लासिक कारचे सगळे गुण आहेत, शिवाय ड्रायव्हर फुकट! पुढच्या रविवारी सकाळी मेसचा नाश्ता झाला की आम्ही सहा जणी निघतोय. शिरढोणला उतरणार, मग कर्नाळा, जमलं तर तारा. ज्यांना यायचंय त्यांनी शनिवार रात्रीपर्यंत गर्ल्स होस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. सुट्टे पैसे आणि कापडी पिशवी आणा. मावशींकडे यूपीआय नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी