हॉलमधला सोफा

‘तो गेले पाच महिने हॉलमध्ये सोफ्यावर झोपतोय...’

कॉफी केव्हाच गार झाली होती, तरी माझी मैत्रीण कपात चमचा फिरवत बसली होती. वय एकतीस. आयटीत टीम लीड. गेल्या वर्षी उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्तन काढला, केमो संपली, केस परत आले, ऑफिसही सुरू झालं. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी ‘फायटर’ म्हणून फुलं पाठवली. मीसुद्धा! हॉस्टेलच्या एकाच खोलीत तीन वर्षं काढलेल्या आम्ही, एकमेकींचे ब्रेकअप्स तोंडपाठ. पण ‘तुम्हा दोघांचं कसं चाललंय गं?’ एवढं विचारायला मला वर्ष लागलं.

सोफ्याची गोष्ट तशी साधी. केमोच्या दिवसांत तिला इन्फेक्शन होऊ नये म्हणून नवरा बाहेर झोपायला लागला. केमो संपली, सोफा काही सुटला नाही. तिला वाटलं, आपण त्याला नकोशा झालोय. ती बाथरूममध्ये कपडे बदलायला लागली. त्याला वाटलं, हात लावला तर तिला दुखेल; आणि अशा वेळी ‘तसलं’ काही मनात येणं म्हणजे आपण किती स्वार्थी! दोघंही एकमेकांना जपत होते. जपता जपता पार परके झाले.

बरं, विचारणार कुणाला? ओपीडीत दर वेळी आई नाहीतर सासूबाई सोबत. डॉक्टर भूक विचारणार, झोप विचारणार, की पुढचा नंबर. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून या विषयावर मोकळेपणानं लिहिलं. त्याच मराठीत आज डॉक्टरांसमोर एक वाक्य बोलताना आपली त-त-प-प होते!

शेवटी तिनंच शक्कल लढवली. प्रश्न चिठ्ठीवर लिहिले आणि फाइलमध्ये रिपोर्टच्या वर ठेवले. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली, सासूबाईंना गोळ्या आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवलं, नवऱ्याला आत बोलावलं आणि चक्क वीस मिनिटं बोलल्या. कॅन्सर स्पर्शानं पसरत नाही. इच्छा कमी होणं, कोरडेपणा, दुखणं म्हणजे प्रेम आटणं नव्हे. केमोनं पाळी थांबू शकते. नंतरच्या हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं चालतात, त्यांचाही परिणाम होतो. आणि यावर उपाय आहेत.

जॅक अॅनन या सायकॉलॉजिस्टनं १९७६मध्ये अशा समुपदेशनाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी औषधाची नाहीच, ती आहे ‘परवानगी’. बोलायची, इच्छा असण्याची आणि नसण्याचीही. ‘आम्हाला तेवढीच हवी होती गं,’ ती म्हणाली.

मग होमवर्क मिळालं. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं १९७०मध्ये मांडलेलं तंत्र: काही दिवस संभोग बाद. फक्त स्पर्श, आळीपाळीनं, काय आवडतंय ते सांगत. पहिल्या रात्री दोघं नुसते हसत सुटले. दुसऱ्या वेळी ती रडली. तिसऱ्या वेळी तिनं दिवा बंद केला नाही. त्यानं व्रणावर बोट ठेवलं, तर तिथे तिला काही कळेचना! बधिर. ‘इथे नाही, इथे कळतं,’ म्हणत तिनं त्याचा हात मानेपाशी नेला. ‘लग्नाला चार वर्षं झाली, पण नीट पत्ता सांगितला तो त्या रात्री,’ हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या काही गोष्टी, तुमच्यासाठीही:

- केमो चालू असताना आणि प्रत्येक डोसनंतर काही दिवस कंडोम हवाच. औषधाचा अंश शरीरातल्या द्रवांत उतरू शकतो. नेमके किती दिवस, ते विचारून घ्या.
- पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. पण गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका.
- कोरडेपणासाठी वॉटर-बेस्ड लुब्रिकंट वापरा. लॅटेक्सच्या कंडोमबरोबर खोबरेल तेल नको, रबर कमकुवत होतं.
- पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स कमी असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.
- आणि मित्रांनो, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ताठरता परत यायला कधी कधी दोन वर्षंही लागतात. उपचार आहेत, लाजू नका.

‘मग आता सगळं पहिल्यासारखं?’ मी विचारलं.

‘छे! पहिल्यासारखं नाही. कधी महिन्यातून एकदा. कधी नुसतं पायात पाय अडकवून सिनेमा बघतो. मी नको म्हटलं की त्याला वाईट वाटतं, पण आता तो तसं सांगतो. मग मला राग येतो, तोही मी सांगते.’

‘आणि सोफा?’

‘आहे की. त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो.’

तुमच्याही ग्रुपमध्ये एखादी ‘फायटर’ असेल, किंवा एखादा. फुलं पाठवून झाली असतील, तर एकदा निवांत फोन करा. त्यांना सांगायचं नसेल तर विषय बदलतील. पण विचारा तर खरं!